बेपत्ता नव्हती ती

(1 ऑगस्ट रोजी सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

मैत्रिणींनो, कुणी भांगलून येऊन हातपाय धूत असाल, कुणी चुलीपुढे असाल, कुणी पोरांच्या वह्या घेऊन बसला असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आज 1 ऑगस्ट. आपल्याकडे आज अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. वाटेगावच्या या लेकराने दूरच्या रशियातल्या लढाईवर 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. त्याच स्टालिनग्राडच्या आभाळात एक मुलगी लढाऊ विमान चालवत होती. अण्णाभाऊंपेक्षा वर्षाने लहान. 1943 साली 1 ऑगस्टला, म्हणजे अण्णाभाऊंना 23 वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, ती विमान घेऊन गेली आणि परत आली नाही. तिला 22 वं वर्ष पूर्ण व्हायला 17 दिवस बाकी होते. आज आपण तिची आठवण करणार आहोत.

तिचं नाव लीडिया लित्वाक. तिला स्वतःला हे नाव आवडायचं नाही, म्हणून मैत्रिणी तिला लिल्या म्हणायच्या. आपणही लिल्याच म्हणू.

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका आजींनी विचारलं, "बाई, रशियातली पोर ती. तिचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आम्ही आत्ता देत नाही. आधी गोष्ट ऐका.

लिल्या मॉस्को शहरात 1921 साली जन्मली. वडील रेल्वेत नोकरीला होते. त्या काळी तिकडे तरुण मुलामुलींना विमान शिकवणारे क्लब होते. चौदाव्या वर्षी ती अशा क्लबात जाऊ लागली आणि पंधराव्या वर्षी तिने एकटीने विमान उडवलं. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला सायकलवरून तालुक्याला पाठवायचं म्हटलं तरी घरात चार वेळा चर्चा होते. पुढे खेरसनच्या विमानशाळेत शिकून ती स्वतः शिक्षिका झाली आणि दुसऱ्यांना उडायला शिकवू लागली.

मधल्या काळात घरावर मोठं संकट आलं. 1937 साली स्टालिनच्या राज्यात धरपकड चालू होती. कुणालाही देशद्रोही ठरवून उचलून न्यायचे. लिल्याच्या वडिलांनाही नेलं. ते परत आलेच नाहीत. घरात राहिली आई, लिल्या आणि धाकटा भाऊ. वडिलांवर असा शिक्का बसला की लेकरांच्या कपाळीही तो येतो. शाळेत, नोकरीत, अर्जावर, सगळीकडे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1941 च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला. लिल्या लगेच नाव नोंदवायला गेली. तिला सांगितलं, अनुभव कमी आहे. तेव्हा तिने दुसऱ्या ठिकाणी अर्ज केला आणि उड्डाणाच्या तासांत सरळ 100 तास वाढवून लिहिले, असं सांगतात. बैठकीत हे ऐकून बायका हसल्या. आपल्यापैकी किती जणींनी लग्नाच्या वेळी वय वाढवून सांगितलंय, तिने तास वाढवून सांगितले!

त्या वेळी मारीना रास्कोव्हा नावाच्या प्रसिद्ध वैमानिक बाई होत्या. 1938 साली मॉस्कोहून निघून थेट देशाच्या पूर्व टोकापर्यंत विमान नेणाऱ्या तिघींपैकी त्या एक. युद्ध सुरू झाल्यावर देशभरातल्या मुली त्यांना पत्रं लिहू लागल्या, की आम्हालाही लढायचंय. रास्कोव्हाबाईंनी ती मागणी वरपर्यंत नेली. ऑक्टोबर 1941 मध्ये हुकूम निघाला आणि बायकांच्या तीन विमान पलटणी उभ्या राहिल्या. एक लढाऊ विमानांची, एक बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची आणि एक रात्री बॉम्ब टाकणाऱ्यांची. विमान चालवणाऱ्याही बायका, दुरुस्त करणाऱ्याही बायका, बंदुका भरणाऱ्याही बायकाच.

या मुलींना आगगाडीने व्होल्गा नदीकाठच्या एंगेल्स गावी नेलं. तिथे त्यांना पुरुषांचेच कपडे दिले. बूट इतके मोठे की पुढे कागद कोंबून चालावं लागायचं. वेण्या कापायचा हुकूम झाला. लिल्याला नीटनेटकं राहायची फार हौस. थंडीसाठी केसाळ कातड्याचे उंच बूट मिळाले होते. तिने एका रात्री त्यांची केसाळ कड कापली आणि आपल्या गणवेशाच्या कॉलरला शिवून टाकली. सकाळी रांगेत उभी राहिल्यावर रास्कोव्हाबाईंच्या नजरेतून ते काही सुटलं नाही. शिक्षा झाली. रात्रभर बसून ती कॉलर उसवायची आणि कड पुन्हा बुटाला शिवायची.

ही आठवण इना पास्पोर्तनिकोव्हाने सांगितलेली आहे. इना ही लिल्याच्या विमानाची मेकॅनिक. हे नावही लक्षात ठेवा. खरं तर आजची गोष्ट जितकी लिल्याची, तितकीच इनाची आहे.

लढाऊ विमान म्हणजे काय, थोडं सांगतो. आपण ज्याला प्रवासी विमान म्हणतो त्यात दोनशे माणसं बसतात. लिल्याच्या विमानात एकच माणूस बसायचं. याक-1 असं त्याचं नाव. पंख लाकडाचे, पुढे इंजिन, आणि वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरहून जास्त. चालवायचंही तिनेच, शत्रू शोधायचाही तिनेच, नेम धरून गोळी झाडायचीही तिनेच. आणि मागून कुणी आलं तर मान वळवून बघायचंही तिनेच.

आणि हे विमान आभाळात जायच्या आधी रात्रभर त्याच्याजवळ इना असायची. इंजिन तपासायचं, तेल बघायचं, गोळ्यांनी पडलेली भोकं बुजवायची. छप्पर नाही, उघड्या माळावर. रशियातली थंडी अशी की उघड्या हाताने लोखंडाला स्पर्श केला तर कातडी चिकटून बसायची. हातमोजे घालून बारीक स्क्रू फिरत नाहीत, म्हणून हातमोजे काढावेच लागायचे. पाळण्याची दोरी धरणारीचं नाव निदान म्हणीत तरी येतं, पाना धरणारीचं कुठेच येत नाही.

सप्टेंबर 1942 मध्ये लिल्याला स्टालिनग्राडला पाठवलं. बरोबर इना आणि थोड्या मैत्रिणी. तिथली पलटण पुरुषांची. 13 सप्टेंबरला, पोचून चार दिवसही झाले नसतील, तिने शत्रूची दोन विमानं पाडली. सांगतात की त्यातल्या एकाचा वैमानिक छत्रीने खाली उतरला आणि पकडला गेला. मोठा नावाजलेला माणूस. तो म्हणाला, मला ज्याने पाडलं त्याला एकदा बघायचंय. त्याच्यासमोर ही बारीक चणीची मुलगी आणून उभी केली. त्याला वाटलं थट्टा करताहेत. मग लिल्याने हाताने दाखवत सांगितलं, तू असा वळलास, मी अशी खालून आले. तेव्हा त्याची मान खाली गेली.

पुढे ती दुसऱ्या पलटणीत गेली. तिथल्या वरिष्ठांना मुली नकोच होत्या. त्यांना परत पाठवायची तयारी झाली. लिल्या आणि तिची मैत्रीण कात्या बुदानोव्हा हटून बसल्या, आम्ही जाणार नाही. ही कात्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. दोघींना ठेवून घेतलं आणि मग त्यांनी कामानेच तोंडं बंद केली.

एक प्रसंग तर ऐकण्यासारखा आहे. मे 1943 मध्ये जर्मनांनी एक मोठा फुगा आभाळात सोडला होता. त्यात माणूस बसवून ते रशियन सैन्य कुठे आहे ते बघायचे आणि तोफा तिकडे वळवायचे. फुग्याभोवती विमानविरोधी तोफांचा पहारा. समोरून जाणाऱ्यांना माघारी यावं लागायचं. लिल्याने समोरचा रस्ता सोडला. लांबून वळसा घालून ती शत्रूच्या पाठीमागे गेली आणि सूर्य पाठीशी घेऊन मागून आली. पहारा पुढे बघत होता. फुगा पेटून खाली आला. समोरचं दार बंद असेल तर परसदाराने जावं, हे आपल्याला का कुणी शिकवायला लागतं!

तिने एकूण किती विमानं पाडली याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. कुणी पाच म्हणतं, कुणी बारा. आपण आकड्याच्या मागे लागायला नको. पाडलेल्या प्रत्येक विमानातही कुणाचा तरी मुलगा होता. युद्ध दोन्हीकडच्या आयांची कूस रिकामी करतं. लिल्याचं घर, तिचा देश पेटला होता म्हणून ती लढली, एवढं आपण समजून घेऊ.

आणि 1943 चा उन्हाळा तिच्यावर फार कठीण गेला. 21 मेला अलेक्सेई सोलोमातिन गेला. तोही लढाऊ वैमानिक, तिच्या फार जिवाभावाचा. त्याचं विमान स्वतःच्याच तळावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळलं. 19 जुलैला कात्या गेली. लिल्या स्वतः तोपर्यंत दोनदा जखमी झाली होती. जखम पुरती भरली नाही तोच ती परत विमानात बसायची. आईला पत्र लिहायची.

त्या दिवसांतलं तिचं एक बोलणं इनाने पुढे जगाला सांगितलं. लिल्याला मरणाची जेवढी भीती नव्हती, तेवढी एका गोष्टीची होती. बेपत्ता होण्याची.

का, ते समजून घ्या. ऑगस्ट 1941 मध्ये स्टालिनने हुकूम काढला होता. जो सैनिक शत्रूच्या हाती जिवंत सापडेल तो गद्दार मानायचा आणि त्याच्या घरच्यांची सरकारी मदत बंद करायची. आता जो बेपत्ता झाला, त्याचं प्रेत कुणी बघितलेलं नसतं. मग संशय येतोच, मेला की शत्रूला मिळाला? आणि लिल्याच्या घरावर तर वडिलांमुळे आधीच शिक्का होता. लढता लढता मेली तर आई ताठ मानेने सांगेल, माझी लेक देशासाठी गेली. बेपत्ता झाली तर आईला शेजारणीच्या नजरेला नजर देता येणार नाही.

1 ऑगस्ट 1943. मिऊस नदीच्या बाजूला लढाई चालली होती. आज तो भाग युक्रेन देशाच्या पूर्वेला येतो. लिल्या त्या दिवशी तीनदा विमान घेऊन जाऊन परत आली होती. चौथ्यांदा निघाली. बरोबरच्या एका वैमानिकाने शेवटचं पाहिलं ते असं, की ढगांच्या फटीतून तिचं विमान धूर सोडत खाली जातंय आणि मागे जर्मन विमानं लागली आहेत. तो ढगाखाली उतरून शोधायला गेला. छत्री दिसली नाही. जमिनीवर आगीचा लोळही दिसला नाही. काहीच नाही.

तळावर इना आभाळाकडे बघत उभी होती. मेकॅनिकचं हेच असतं. विमान गेलं की त्यात भरलेलं तेल किती वेळ पुरणार हे तिला ठाऊक असतं. तेवढा वेळ वाट बघायची. तो वेळ उलटून गेला की समजायचं.

कागदावर शब्द पडला, बेपत्ता. ज्याची भीती होती तेच झालं. देशातला सर्वांत मोठा किताब तिला मिळावा म्हणून नाव पुढे गेलेलं होतं. ते तिथेच अडलं. शत्रूच्या बाजूला तिला कुणीतरी बघितलं अशीही कुजबुज झाली. आभाळात जीव दिलेल्या पोरीवर जमिनीवरच्या माणसांनी संशय घेतला.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबू. आमच्या एका गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही. नऊ वर्षांमागे त्यांचे मालक बांधकामाच्या कामाला परगावी गेले. पहिले चार महिने फोन आले, मग बंद झाले. माणूस परत आला नाही. ताई कुंकू लावतात, तर मागून बोलतात, हिला काय दुःख नाही. लावलं नाही तर सासू म्हणते, माझ्या पोराला जिवंतपणी मारतेस. निराधार योजनेचा अर्ज केला, तर मृत्यूचा दाखला जोडा म्हणून परत आला. शेताच्या उताऱ्यावर नाव नवऱ्याचं. ना सही करायला माणूस, ना मेल्याचा कागद. आणि वर लोक म्हणतात, दुसरी केली असेल त्याने.

लिल्याची गोष्ट सांगताना आम्ही बेपत्ता हा शब्द उच्चारला, तेव्हा या ताईंनी पदर तोंडाला लावला. आजींच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. रशियातल्या पोरीचं आपल्याला काय? तर हे. ज्या घरातलं माणूस बेपत्ता होतं, त्या घरातल्या बाईला रडण्याचाही हक्क राहत नाही.

आता पुढची गोष्ट ऐका. ही इनाची आहे.

युद्ध संपलं. सगळे आपापल्या घरी गेले, संसाराला लागले. इनाही लागली. पण तिच्या मनातून गेलं नाही. ते विमान तिने स्वतःच्या हाताने तयार केलेलं होतं. ते कुठेतरी जमिनीत आहे आणि त्यात माझी मैत्रीण आहे, असं ती धरून होती. तिने शोध घ्यायचा ठरवला. सरकारी फौजफाटा नाही, पदरचा खर्च. जमिनीतलं लोखंड दाखवणारं यंत्र घेऊन ती त्या रानात फिरायची. घरच्यांनाही तिने कामाला लावलं. तीन वर्षं घरची माणसं तिच्याबरोबर रान तुडवत होती.

तिच्या जोडीला आणखी एक बाई आल्या. त्या भागातल्या क्रास्नी लूच गावच्या शाळेतल्या शिक्षिका, व्हालेंतिना वाश्चेन्को. त्यांनी शाळेतल्या मुलांना घेऊन शोध सुरू केला. मुलं खेड्याखेड्यांत जायची, म्हाताऱ्या माणसांना विचारायची. युद्धात इथे विमान पडलं होतं का? कुणी पाहिलं? कुणाला पुरलं? म्हातारी माणसं सांगायची आणि मुलं वहीत लिहून घ्यायची.

या शोधात विमानं पडल्याच्या 90 हून जास्त जागा सापडल्या. 30 विमानं सापडली. लिल्या सापडत नव्हती, पण दुसरे सापडत होते. कितीतरी घरांना आपला मुलगा कुठे गेला हे इतक्या वर्षांनी कळलं. शोधायला गेल्या एकीला, आणि उत्तर मिळालं अनेक आयांना.

शेवटी 1979 साली धागा लागला. दिमित्रियेव्हका नावाच्या गावात. दहा वर्षांपूर्वी, 1969 मध्ये, जवळच्या वस्तीवरच्या मुलांना एका वैमानिकाचे अवशेष सापडले होते. गावाने ते सैनिकांच्या सामाईक थडग्यात नीट पुरले होते. अवशेष बाईचे आहेत एवढं कळलं होतं, पण कोणती बाई हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या भागातल्या आभाळात लढणाऱ्या बायका असून असून किती असणार? पुढे तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली. डोक्याला जबर मार लागून मृत्यू झाला होता. समितीने निर्णय दिला, ही लीडिया लित्वाक.

1988 मध्ये सरकारी दप्तरातला शब्द बदलला. बेपत्ता काढून तिथे लिहिलं, लढाईचं काम करताना मृत्यू. आणि मे 1990 मध्ये देशाचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी तिला सर्वोच्च किताब दिला, सोव्हिएत संघाचा वीर. तिला जाऊन 47 वर्षं होत आली होती. काही अभ्यासक आजही या निकालाबद्दल शंका घेतात, वाद घालतात. घालोत. पण दप्तरात आज तिच्या नावापुढे डाग नाही. क्रास्नी लूच गावात तिचं स्मारक आहे. कात्यालाही 1993 मध्ये रशियाचा वीर किताब मिळाला.

त्या मुलखात 2014 पासून पुन्हा लढाई पेटली. पुन्हा तिथल्या आया आपल्या बेपत्ता मुलांची वाट बघताहेत. हे बोलताना आमचाही आवाज जड होतो.

आपल्या देशात 18 जून 2016 रोजी पहिल्या तीन मुली लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाल्या. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह. लिल्या गेली त्यानंतर 73 वर्षांनी. तेव्हा टीव्हीवर त्यांचे फोटो बघून आपल्या पोरी म्हणाल्या, मलापण व्हायचंय. त्यांना व्हायचं असेल ते होऊ द्या. पण आज आमचं मागणं त्याहून साधं आहे, आणि ते तुमच्याकडे आहे.

लिल्या शूर होती म्हणून तिचं नाव राहिलं, असं आपण सहज म्हणून जातो. आम्हाला तसं वाटत नाही. शूर तर त्या जमिनीत निजलेले सगळेच होते. लिल्याचं नाव राहिलं, कारण एक मेकॅनिक बाई तिला विसरायला तयार नव्हती, आणि एका मास्तरीणबाईंनी पोरांच्या हातात वही दिली. आठवण मनात ठेवून भागत नाही. तिच्यासाठी पायपीट करावी लागते, विचारावं लागतं, लिहावं लागतं.

म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदाची. घरातलं माणूस हरवलं तर लाजून गप्प बसू नका. "येईल आज ना उद्या" म्हणून दिवस घालवू नका. पोलिसांत हरवल्याची नोंद करा आणि तिची प्रत मागून घ्या. तारीख, त्या वेळचे कपडे, शेवटचा फोन कधी आला, सगळं लिहून ठेवा. सात वर्षं माणसाचा कुणालाच काही ठावठिकाणा लागला नाही, तर कायदा त्याला मृत मानू शकतो. पण दाखल्यासाठी सहसा कोर्टात जावं लागतं आणि तिथे तुम्ही शोध घेतल्याचा पुरावा मागतात. आमच्या त्या ताईंनी नऊ वर्षांत नोंदच केली नव्हती, सासरचे नको म्हणाले म्हणून. मागच्या सोमवारी गटातल्या चौघीजणी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. दोन तास बसावं लागलं, पण नोंद झाली. तालुक्याला गरीब माणसाला मोफत वकील देणारी विधी सेवा समिती असते. आता तिथे जायचंय. ताई म्हणाल्या, "माणूस मिळो न मिळो, निदान माझं खरं काय ते कागदावर तर येईल."

दुसरी गोष्ट वहीची. आपल्या गटाच्या वह्या असतात, बचतीची, कर्जाची, हजेरीची. त्यात आणखी एक वही घाला. आपल्या गावातल्या ज्या बायांनी काही केलं आणि ज्यांचं नाव कुठेच नाही, त्यांची वही. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून ज्यांनी घरं जगवली, त्यांतल्या काही आज्या अजून आहेत. ज्यांनी निम्म्या गावाची बाळंतपणं केली त्या सुईणी आहेत. पोरगा सीमेवर गेला म्हणून ज्यांनी एकटीने शेत ओढलं त्या आया आहेत. आपल्या पोरींच्या हातात वही द्या आणि पाठवा त्यांच्याकडे. नाव काय, माहेर कुठलं, काय काम केलं, काय सोसलं. वाश्चेन्कोबाईंच्या शाळेतली पोरं गेली होती तशी.

आमच्या गटाने ही वही सुरू केली. पहिल्या पानावर नाव कुणाचं घालायचं यावर बैठकीत बराच वाद झाला. शेवटी तोडगा निघाला त्याच आजींकडून, ज्या म्हणाल्या होत्या की रशियातली पोर, तिचं आपल्याला काय. त्या म्हणाल्या, "त्या विमानवाल्या पोरीला तिचं पान मिळालंय. तिला शोधणारीचं नाव घाला की."

म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहिलंय, इना पास्पोर्तनिकोव्हा. लिहिताना दोनदा चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं. दुसऱ्या पानावर त्या आजींचं नाव आहे. बहात्तर साली त्या खडी फोडत होत्या, पाठीला लेकरू बांधून.

पुढच्या महिन्यात तुमच्या वहीत कुणाचं नाव चढलं ते आम्हाला कळवा, आम्ही ते इथून वाचून दाखवू.

नमस्कार.